गार चहाचा पेला

मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून निवृत्त कंपाउंडरच्या बायकोला डॉक्टरांनी दिवसाकाठी जेमतेम तीन कप पाणी नेमून दिले होते, आणि तेव्हापासून त्याने तिच्यादेखत पाण्याचा घोटही घेतला नव्हता. दर उन्हाळ्यात ती करायची तो गार चहा यंदा त्याने केला. गुलाबपाकळ्या आणि पीचच्या फोडी चहात मुरवल्या, चहा गाळला, औषधाच्या मापाने मोजून थोड्याचे बर्फाचे खडे केले आणि त्यातला एक तिच्या जिभेवर ठेवला.

डोळे मिटून तिने तो विरघळू दिला.

"साखरेला हात आखडलात. पण जमलाय. उरलेला कुठाय?"

"झाकून ठेवलाय. कोणी आलं-गेलं तर होईल."

"कोण येतंय आपल्याकडे? आणा तो, आणि इथे बसून प्या."

"मला तहान नाही."

"स्वयंपाकघरात नळ सोडून त्या आवाजात चोरून पाणी पिता, ते मला कळत नाही होय?"

तो उठला, पेला भरून घेऊन आला आणि पाठ फिरवून पिऊ लागला.

"इकडे तोंड करा," ती म्हणाली, "आणि सावकाश प्या. मला बघायचंय."