जरा सरकून घ्या

"मधे ही खिंड कशाला? सरकून घ्या," नवा फोटोग्राफर म्हणाला, आणि एरवी झोपेतही गप्प न बसणारा तो सगळा संघ एकदम चिडीचूप झाला.

चषक जिंकून तासही झाला नव्हता. क्लबाच्या लांबट खोलीत भिंतभर जुन्या विजयी संघांचे फोटो टांगलेले. चषकांनी कपाटं भरली, पोरी बदलल्या, पोरींच्या पोरी खेळायला आल्या; पण प्रत्येक फोटोत पुढच्या रांगेत मधोमध एका माणसाची जागा मोकळी ती मोकळीच.

मागच्या रांगेत लवंगी चवड्यांवर उभी होती. चणीने लवंगी फटाक्याएवढी, आणि आजचा विजयी गोल तिचाच. गेल्या वर्षीच्या फोटोत मात्र तिच्या केसांची नुसती शेंडी आली होती. वडील म्हणाले होते, "खेळायला जाते म्हणतेस, तोंड तर कुठे दिसत नाही. यंदाही दिसलं नाही, तर बूट माळ्यावर."

"त्या बुटकीला पुढे घ्या," फोटोग्राफर म्हणाला. "खिंडीत फिट्ट बसेल."

"ती जागा कप्तानाची आहे," गोलरक्षक ताई म्हणाली.

"मग बोलवा की कप्तानाला!"

शेवटी प्रशिक्षक बाईच बोलल्या. पहिल्या संघातल्या त्या एकट्याच आता क्लबात उरल्या होत्या.

"पहिला चषक आणला त्या दिवशी कप्तान म्हणाली, चिखलाचं थोबाड धुऊन येते, तोवर माझी जागा धरा. आम्ही धरली. ती नळापाशी पडली ती उठलीच नाही. आम्हाला कळलं तोवर फोटो निघाला होता."

तो नळ पलीकडच्या न्हाणीघरात अजून ठिबकत होता. त्याच्यापुढे भल्याभल्या प्लंबरांनी हात टेकले. एकाने तर धंदाच बदलला, असं पोरी छातीठोक सांगत.

लवंगीच्या डोळ्यांपुढे घरचा माळा आला. "बाई, मी उभी राहू तिथे?"

"मेलेल्या माणसाच्या जागेवर?" ताई फिसकारली. "लाज नाही वाटत?"

बाईंनी भिंतीवरच्या पहिल्या फोटोकडे पाहिलं. "मला काय विचारतेस? तिला विचार."

लवंगी खिंडीत शिरली. फ्रिजचं दार उघडावं तसा गारवा लागला. ओठांतल्या ओठांत ती पुटपुटली, "कप्तान, जरा सरकता का? माझं तोंड तेवढं दिसू दे."

"चिकटून उभ्या राहा!"

सगळ्या चिकटल्या. डावीकडून ताईचा खांदा असा रुतला, की लवंगी कळवळली. फोटो निघाला.

फोटोग्राफरने कॅमेऱ्यात पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. "चिकटून म्हटलं होतं ना मी?"

बाईंनी चष्मा चढवला. लवंगी मधोमध, सगळी बत्तिशी बाहेर. आणि तिच्या डावीकडे, ती आणि ताई यांच्यामधे, एका माणसाची जागा मोकळी.

"हट्टी होती मेली," बाई हळूच म्हणाल्या. "जन्मात कधी कुणासाठी सरकली नव्हती."

लवंगीने डावा खांदा चाचपला. जर्सीवरून पाणी ओघळत होतं. पलीकडचा नळ थांबला होता.