दोन नंबरची कॅप

दोन नंबरची कॅप तिनं तीनच्या जागी ठेवली, तीनची दोनच्या जागी, आणि बोल्ट आवळायला घेतले.

 

इंजिनाचा ब्लॉक उस्तादांच्या स्वतःच्या गाडीचा होता. इंजिन आपल्या हातानं खोलून आठवड्यापूर्वी त्यांनी तो तिच्या गॅरेजवर आणला. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या पाच कॅपा फडक्यात नीट बांधलेल्या. मनगटात आता जोर राहिला नाही, म्हणाले. शिवाय अख्ख्या गल्लीत हल्ली तुझंच नाव, आमच्याकडे माशीसुद्धा फिरकत नाही. सगळे हसले. तीही हसली, दात दिसण्यापुरती.

आठ वर्षांपूर्वी याच माणसानं तिच्या बाबांना आपल्या गॅरेजातून चारचौघांत हाकललं होतं. तेव्हा उस्ताद इंजिन खोलायचे आणि बाबा बांधायचे. गिऱ्हाइकं मात्र बाबांचं नाव विचारत यायची. आणि एक दिवस बाबांनी बांधलेलं इंजिन भर रस्त्यात जाम झालं.

प्रत्येक कॅप आपापल्या जागेवरच घासून बसवलेली असते. जागा बदलली तर फरक पडतो तो केसाहून बारीक. हाताला कळत नाही, इंजिन तापलं की कळतो. म्हणून खोलणारा प्रत्येकीवर पंचानं नंबर ठोकतो आणि बांधणारा तो बघून बसवतो. उस्तादांनी ते इंजिन एकट्यानं उघडून पाहिलं आणि बाहेर येऊन निकाल दिला, "कॅपा उलटसुलट. ज्याला पाचापर्यंत मोजता येत नाही, त्यानं पंक्चरं काढावीत."

त्यानंतर बाबांनी पाना हातात धरला नाही. घरातला नळ गळला तरी शेजाऱ्यांना हाक मारतात. तिनं कधी विषय काढलाच, तर म्हणतात, माझीच नजर चुकली असेल गं.

बाकीचं काम तिनं जीव ओतून केलं होतं. सिलिंडर बोअर करून घेतले, रिंगांची फट मोजली, तेलाच्या वाटा हवेनं फुंकून लख्ख केल्या. तिला काम येत नव्हतं असं कोणी म्हणायला नको. इंजिन जाम झालं की ती सगळ्यांसमोर सांगणार होती: बाबांनी चुकून केलं, मी मुद्दाम केलंय. हाकला आता मला. वाक्य तिनं आरशासमोर पाठ केलं होतं. गॅरेज बुडालं तरी बेहत्तर, पण उस्तादांची गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत दगड व्हायला हवी होती.

गाडी सुरू करायच्या सकाळी उस्ताद सगळ्या गल्लीला घेऊन आले. लग्नाला यावं तसे, इस्त्रीचा शर्ट घालून. स्टूल ओढून बोनेटपाशीच बसले.

"नंबर बघून बसवल्यास ना, पोरी?"

"तुम्हीच ठोकलेले नंबर, उस्ताद. चुकतील कसे?"

उस्ताद खूश झाले.

इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. काटा वर चढून मधोमध थांबला. ती कान टवकारून ऐकत राहिली. कुठे खरखर नाही, कुठे ठोका नाही. मग कोणीतरी गाडी चढावावर पिटाळून आणली. परत आली तरी इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. बोनेटवर ठेवलेला चहाचा ग्लास हलत नव्हता. लोक तिची पाठ थोपटायला लागले आणि पाठ केलेलं वाक्य तसंच राहून गेलं.

उस्तादांचा इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. ते उठले, तिच्या अगदी जवळ आले.

"खरं सांग. नंबराप्रमाणे नाही बसवल्यास तू."

"तुम्हाला कसं कळलं?"

उस्ताद इंजिनाकडेच बघत होते. शब्द त्यांच्या तोंडून निसटूनच गेले.

"तुझ्या बापानं तर नंबर बघूनच बसवल्या होत्या."