आमचा फ्रान्झ झाला

समोरच्या इंग्रजी विमानाचा पायलट सारखा मागे वळून काहीतरी विचारत होता. मागच्या सीटवरच्याची मान कलंडली होती. माझी पहिलीच फैर त्याला लागली होती.

आम्हा जर्मन वैमानिकांत विमान चालवणारा कुणीही असो, त्याला एमिल म्हणायचं आणि मागे बसून नकाशा बघणाऱ्याला फ्रान्झ. वाट चुकली, की सांगायचं, "आमचा फ्रान्झ झाला." माझ्या फ्रान्झचं खरं नाव लुडोल्फ. गेल्या हिवाळ्यात परतताना मी अर्धा तास त्याला विचारत होतो, "डावीकडे घेऊ का?" उतरल्यावर मेकॅनिकने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कळलं. मग मी एका सीटचं लढाऊ विमान मागून घेतलं. त्यातून सात विमानं पाडली. आठव्याला पदक होतं.

पुढचा अजून विचारतच होता. मी बंदुकीच्या बटणावरचा अंगठा उचलला, विमान त्याच्या शेजारी नेलं आणि त्याची हद्द कुठे आहे ते हाताने दाखवलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने विमान तिकडे वळवलं.

तळावर कमांडर वाट बघत उभे होते.

"आठवं कुठंय?"

"आमचा फ्रान्झ झाला, साहेब."

ते हसले. "अरे, तुझ्या विमानात सीट एक. तुझा कसला फ्रान्झ होतोय?"

उत्तर द्यायच्या आधी मी सवयीने मागे वळून पाहिलं.