उपासाला सेलेरियाक

"हे चालत नाही," म्हणत रविकांतगुरुजींनी ताट पुढं सारलं.

महाशिवरात्रीची दुपार होती. पहाटेपासून देवळात अभिषेक सांगून सांगून गुरुजींचा आवाज बसला होता. मधुमेहाची सकाळची गोळी पोटात होती आणि तिच्यावर घोटभर ताकसुद्धा नव्हतं. हात बारीक थरथरत होते. प्रमोदिनीबाईंचं सगळं लक्ष नवऱ्याच्या त्या हातांकडं होतं.

गेल्या शिवरात्रीला गुरुजींनी आलूचा कीस आणि साबुदाण्याची उसळ यांवर आडवा हात मारला होता. साखर अशी चढली की अमरावतीच्या दवाखान्यात दाखल करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, उपास बंद. गुरुजी म्हणाले, मुंज झाल्यापासून एक शिवरात्र सोडली नाही, आता काय सोडणार? आलू नको तर नको, पाण्यावर राहीन. पण गोळी घेऊन पाण्यावर राहिलं की साखर उतरते, आणि उतरलेली साखर माणसाला जास्त लवकर आडवं करते. इकडे आड, तिकडे विहीर. प्रमोदिनीबाईंना नवरा हवा होता, आणि तो उपासासकटच मिळणार हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी परसात सेलेरियाक लावला. हा गाजर-कोथिंबिरीच्या कुळातला परदेशी कंद. शिजला की आलूसारखा मऊ, पण साखर त्या मानानं कमी चढवणारा. बाईंनी मोबाइलवर वाचलं आणि बियाणं मागवलं. पहिलं बी मेथीसारखं मातीत दाबलं, तर एक कोंब वर येईल तर शपथ. मग कळलं, या बियाला उजेड लागतो. दुसरं नुसतं मातीवर भुरभुरलं. रोपं निघाली ती इतकी नाजूक की ऑक्टोबरच्या उन्हात त्यांच्यावर जुन्या लुगड्यांची सावली धरावी लागली. बुडाशी सोयाबीनचं कुटार, मळणीनंतर उरलेला भुसा, पसरलं. नळाला पाणी येवो न येवो, वाफा ओला राहिला. कंद धरू लागला तेव्हा बाईंनी आलूच्या सवयीनं मातीची भर घातली. तीही चूक निघाली! याचं डोकं उघडं ठेवायचं असतं. मग घातलेली माती बोटांनी उकरली, खालची पानं काढली, आडव्या मुळ्या कापल्या. पानं दिसायला थेट सांबारासारखी, म्हणजे आपल्या कोथिंबिरीसारखी. शेजारच्या गोदाबाई कुंपणावरून रोज मागत आणि बाई कंदाच्या काळजीनं रोज नाही म्हणत. अख्ख्या गल्लीत त्या चिक्कू ठरल्या. ठरू दे, म्हणाल्या.

आज सकाळी पहिला कंद उपटला. बेलफळाएवढा, खरबरीत, मुळांच्या जटा सुटलेला. रूपाच्या नावानं शंखच होता, पण बाईंना रडू आलं. त्यांनी तो तासला, फोडी केल्या, तुपात जिरं-मिरची घालून परतल्या आणि वरून दाण्याचा कूट पेरला.

आणि गुरुजींनी ताट पुढं सारलं.

"काहून चालत नाही?" बाईंनी विचारलं.

"वाडवडिलांनी खाल्लं ते उपासाला चालते. हे त्यांनी पाहिलं तरी होतं का?"

गुरुजींचा शब्द म्हणजे गल्लीचा कायदा. कालच त्यांनी गोदाबाईंची भेंडी नामंजूर केली होती. या कायद्यापुढं बाई आजवर कधी बोलल्या नव्हत्या. पण आता ते हात त्यांना बघवेनात.

"आलू, मिरची, शेंगदाणा," त्या म्हणाल्या, "तिन्ही सातासमुद्रापलीकडून आले. त्याच्या आधीच्या वाडवडिलांनी तेही पाहिले नव्हते. कोण्या तरी गुरुजीच्या बायकोनं ते पहिल्यांदा ताटात वाढले असतील, आणि तो गुरुजी 'चालते' म्हणाला असेल. तो म्हणाला म्हणून तुम्ही आज खाऊन राहिले."

गुरुजी हट्टी असले तरी खोटे नव्हते. त्यांनी पाठ असलेली सगळी व्रतं मनातल्या मनात धुंडाळली, पण आलू कुठंच सापडला नाही.

त्यांनी ताट जवळ ओढलं. एक फोड खाल्ली. मग दुसरी. ताटात दोन-तीन फोडी उरेपर्यंत मान वर केली नाही. हळूहळू हात स्थिर झाले.

"आणखी आहे?"

बाई स्वयंपाकघरात गेल्या त्या जवळजवळ पळतच. पदरानं डोळे पुसले, कढई खरवडून वाटी भरली. पावसाळ्यापासूनचे सगळे कष्ट त्या दोन शब्दांत वसूल झाले होते.

वाटी घेऊन त्या बाहेर येतात तो दारात गोदाबाई. हातात भगरीचं भांडं, डोळे गुरुजींच्या ताटावर.

"गुरुजी, हे काय खाऊन राह्यले तुमी? उपासाले चालते का हो हे?"

बाई जागीच थबकल्या. घरात बायकोपुढं हरणं वेगळं, गल्लीपुढं कबूल करणं वेगळं.

गुरुजींनी तोंडातला घास सावकाश संपवला. संकल्प सोडताना खाकरतात तसे खाकरले.

"म्हणजे काय? आमच्या घरी पिढ्यानपिढ्या चालते!"