टाकून दिलेला टीव्ही

वस्तीकडून हसण्याचा लोट आला आणि दिनकररावांनी आपल्या टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवारचा संध्याकाळचा सिनेमा. इथंही तोच, तिथंही तोच. पडद्यावरचा जाड्या केळ्याच्या सालीवरून घसरला होता. दिनकररावांच्या बैठकीत तो रंगीत पडला. तिकडं, बौद्ध वस्तीत, सितारामच्या अंगणात तो काळा-पांढराच पडला असणार. पण अख्खं गाव तिकडं हसत होतं, आणि इथं सोफ्यावर दिनकरराव एकटे होते.

त्या हसण्यातला एक आवाज त्यांना नेमका ऐकू यायचा. बोळक्या तोंडाचा, मधेच खोकला लागणारा. त्यांच्या आईचा.

सितारामचा टीव्ही मुळात दिनकररावांचाच. उन्हाळ्यात बंद पडला तेव्हा त्यांनी तो दुरुस्तीलाही धाडला नव्हता. भुजंग, त्यांचा सालगडी, तो उकिरड्यावर टाकून आला. सिताराम परभणीला रेडिओ-दुरुस्ती शिकून आलेला. गावानं टाकलेले रेडिओ, टेप, बॅटऱ्या गोळा करत हिंडायचा. तो विचारायला आला.

"मालक, उकिरड्यावरचा टीव्ही नेऊ का?"

"ने की. कोंबड्या डालायला व्हईल."

बैठकीतली सगळी हसली होती. सितारामही हसला होता आणि खोकं खांद्यावर घेऊन गेला होता.

मेलेल्या रेडिओंच्या पोटातलं काय काय काढून त्यानं त्यात घातलं. दिवाळीच्या आधी एका रविवारी त्या खोक्यात चित्र आलं. आधी पोरं गेली, मग बाया, मग पारावरची म्हातारी माणसंही. रस्त्यात गाठ पडली तेव्हा दिनकररावांनी विचारलं होतं, "काय रे, माझा टीव्ही कसा चालायलाय?"

"तुमचा कुठं, मालक? तुमचा तर बंद पडला होता."

सिताराम सरळ मनानं बोलला होता. पण दिनकररावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आठवड्यात त्यांनी परभणीहून रंगीत टीव्ही आणला. मोठा, लाकडी दारांचा. गावात सांगावा धाडला. माणसं आली, उंबऱ्याशी चपला काढून अंग चोरून बसली. कोणाच्या पोराचा पाय गालिच्यावर पडला तसे दिनकरराव खेकसले. पुढच्या रविवारी निम्मी आली. त्याच्या पुढच्या रविवारी आई तेवढी होती. सिनेमा अर्धा झाला आणि तीही उठली, काठी शोधू लागली.

"कुठं निघालीस? चित्र दिसंना का?"

"चित्र लय चांगलंय, बाबा. रंग बी चांगले हायेत. पर संगं हसायला कोणी न्हाई."

"त्या वस्तीत जाऊन बसतीस? नामांतराच्या भांडणापासनं मी तिथं पाय न्हाई टाकला."

"तू नको टाकू," आई म्हणाली. "मी जाते."

आज तर ती उजेड असतानाच गेली होती.

पुन्हा हसण्याचा लोट आला. दिनकररावांनी टीव्हीची दारं लावली. कोटाच्या खिशात पानाची डबी टाकली आणि मागच्या दारानं बाहेर पडले. अंधार पडला होता. गावाच्या कडेला, त्यांच्याच शेताच्या बांधावर विजेची डीपी होती, सगळ्या गावाचे फ्यूज तिच्यातच. कोणता फ्यूज वस्तीचा, हे त्यांना ठाऊक होतं. लाईनमन त्यांच्याच ओसरीवर चहा प्यायचा. त्यांनी धोतराचा सोगा हाताला गुंडाळला आणि चिनीमातीचा तो फ्यूज ओढून काढला.

वस्तीतले दिवे गेले. हसणं मधेच तुटलं.

दिनकररावांनी फ्यूज खिशात टाकला आणि बांधावर बसून पान लावलं. पोरांचा गिल्ला झाला, मग कोणीतरी पोरांना दटावलं, मग सगळं शांत झालं. आता माणसं उठतील. आई काठी टेकत घरी येईल, आणि आपण तिला विचारू, सिनेमा संपला का? पान त्यांना फार दिवसांनी गोड लागलं.

माणसं काही उठली नाहीत. उलट गावाकडून टॉर्चच्या उजेडाचा ठिपका हलत हलत आला. भुजंग होता. पाठीवर पोतं, कंबरेत वाकलेला.

"कोण? मालक?" भुजंग दचकला. पोतं त्यानं हळूच खाली ठेवलं. "इकडं कशापायी आलाव?"

"तू काय नेतोस ते सांग."

"आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी. आईसायबांनी धाडलं. सिताराम म्हनला, बारीक टीव्ही हाय, लाईट नसली तरी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो. तर आईसायब म्हनल्या, मग बसलाव कशाला, आमच्या घरी हाय की, जा रे भुजंग. समदे थांबलेत, मालक."

वस्तीतून आईचाच आवाज आला, "आला का गं भुजंग? जाड्या पुढं निघून जाईल!" आणि बाया त्यावरच हसल्या. टीव्ही बंद होता तरी हसल्या.

भुजंगनं पोत्याचं एक टोक उचललं. "जरा हात लावता का, मालक? लय जड हाय."

दिनकररावांनी पान थुंकलं. ते बांधावरून उठले. मग वाकून त्यांनी पोत्याचं दुसरं टोक धरलं.

दोघं वस्तीच्या वाटेला लागले. पाऊल टाकलं की खिशातला फ्यूज पानाच्या डबीवर आपटत होता.

"काय वाजायलंय, मालक?" भुजंगनं विचारलं.

"तू नीट धर," दिनकरराव म्हणाले.