अलमारीची दारं

"मिस्त्री विचारून राह्यले, अलमारीले दार काचेचं पायजे का लाकडाचं?" अर्जुनराव देशमुखांनी पडद्याकडे तोंड करून विचारलं.

पडदा स्वयंपाकघराच्या दाराला. अलीकडे माजघरात चिखलीहून आलेला मार्तंड मिस्त्री मांडी घालून बसलेला. त्याच्यापुढे नमुन्याची दोन दारं होती: एक सागवानी फळ्यांचं, दुसरं काचेचं, शेगावच्या टेसनावरून गवतात गुंडाळून आणलेलं. पलीकडे, हातभर अंतरावर, झुंबरबाई उभ्या. मिस्त्रीचा प्रश्न त्यांनी मिस्त्रीच्याच तोंडून ऐकला होता, आता नवऱ्याच्या तोंडून पुन्हा ऐकला. पण देशमुखाघरची बाई परक्या माणसाशी बोलत नाही, आणि परक्या माणसाला तिचा आवाज ऐकू येत नाही. आता कानात काय बोळे घातलेत त्याच्या? पण रीत ती रीत.

"लाकडाचं," झुंबरबाई म्हणाल्या. "चुलीपाशी काच? चार दिवसांत धुपटानं तव्यावाणी काळी होईल. रोज पुसाले कोन येईन, तुमचा नागपूरचा वकील?"

वकिलाचं नाव उगाच नव्हतं निघालं. मागच्या महिन्यात अर्जुनराव अपिलासाठी नागपूरला गेले, वकिलाच्या बंगल्यावर जेवले, आणि तिथली काचेची अलमारी डोक्यात घेऊन परत आले. तेव्हापासून ऊठसूट काच. आपल्या घरात मीठ कोणत्या बरणीत असतं हे ज्याला ठाऊक नाही, तो माणूस स्वयंपाकघर सुधारायला निघाला होता. उंटावरचा शहाणा, दुसरं काय!

बरं, नुसती हौस असती तर बाईंनी तीही पोसली असती. तीस वर्षं दुसरं काय केलं होतं? पण ही हौस नव्हती, आणि ते त्यांना चांगलं कळत होतं. भिंतीतली ती अलमारी बरोबर अर्जुनरावांच्या पाटासमोर. जुनं दार वाळवीनं खाल्लं, पण होतं तोवर आतलं आत राहत होतं. लेक कौशल्या पहिल्या बाळंतपणाला आलेली, आणि तिच्या लाडवांसाठी काढलेलं तूप बापाच्या डोळ्यांत खुपत होतं. "आमच्या मायनं जवारीच्या कण्यावर सहा बाळंतपणं काढली," असं ते दर जेवणाला ऐकवायचे. त्या सहांतली चार लेकरं गेली, ते मात्र नाही ऐकवायचे. गोठ्यात नऊ म्हशी, आणि पोटुश्या लेकीला घास मोजून! काचेचं दार लागलं की पाटावर बसल्या बसल्या लाडू मोजता येणार होते. सकाळी किती होते, रात्री किती उरले. मग कौशल्येच्या हातावर लाडू ठेवायचा कसा?

अर्जुनरावांनी घसा खाकरला आणि मिस्त्रीकडे वळले. "म्हणते, काचेचं पायजे."

मार्तंड मिस्त्रीनं मान खाली घातली. बाईंचं उत्तर त्यानं लख्ख ऐकलं होतं. पण ऐकलं म्हणावं, तर देशमुखाच्या बायकोचा आवाज ऐकल्याचा गुन्हा पदरात. सागाच्या फळीवरून हात फिरवत तो म्हणाला, "मालक, एकडाव अजून विचारता का? नाही, चुलीपाशी काच म्हटलं म्हंजे..."

"विचारलं ना बे!"

"त्याइले सांगा, लाकडाचं!" पडद्यामागचा आवाज चढला.

"म्हणते, काचच," अर्जुनराव शांतपणे म्हणाले. "अन् मोठी. आतलं सारं दिसलं पायजे."

झुंबरबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. किती हलका माणूस! लेकीच्या घासावर नजर ठेवायला काच मागवतो, आणि ती बायकोनंच मागितली म्हणून सांगतो. तेही तिच्या कानांदेखत, आवाज जरासुद्धा खाली न आणता. खोटं बोलायला निदान थोडी भीती तरी लागते. इथं तेवढीही कोणी ठेवली नव्हती.

त्यांनी पदर सारखा केला, पडदा बाजूला सारला आणि माजघरात येऊन उभ्या राहिल्या.

मिस्त्रीनं झटकन नजर भुईला लावली.

"मिस्त्री," झुंबरबाई म्हणाल्या, "लाकडाचं दार."

अर्जुनरावांची पंचाईत झाली. बायकोवर डाफरावं, तर कारागिरासमोर डाफरणं हलकं दिसतं. गप्प बसावं, तर तेही हलकंच. "आत ये," ते दातओठ खात तिला म्हणाले. "आत ये म्हणतो ना!" आणि ती मागोमाग येणार या खात्रीनं तरातरा पडद्याआड गेले. तीस वर्षांत ती मागोमाग आली नाही असं एकदाही झालं नव्हतं.

झुंबरबाई जागच्या हलल्या नाहीत. पडदा झुलून झुलून थांबला. आत पावलं इकडून तिकडे गेली, कसलंसं भांडं लाथेनं घरंगळलं, आणि मग आवाज आला, "काच! सांगून ठेवतो, काच म्हंजे काच!"

मिस्त्री अजून भुईकडेच पाहत होता. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, सागाची फळी मांडीवर घेतली आणि मोठ्या अदबीनं विचारलं, "बाईसाहेब, मालक काय म्हणून राह्यले?"

"म्हणून राह्यले, सागवानाचं," झुंबरबाई म्हणाल्या. "अन् फळ्यांत फट ठेवू नका."