सफाईसकट फोटो

हायस्कूल संपवणाऱ्या मुलांच्या फोटोंचे दोन प्रकार स्टुडिओवालीने पुढे ठेवले. एक ओकमल्गी नदीच्या काठी, तासभर, माणूस जसा आहे तसा. दुसरा आत दिव्यांखाली, तीन पोशाख आणि फोटोतले डाग-खुणा पुसून, चेहऱ्याच्या सफाईसकट.

"ममा, नदीकाठचा घेऊ या ना. मला माझा फोटो हवाय," रोशेल म्हणाली.

"आणि हा गाल?" वर्नेटाने लेकीच्या डाव्या गालावरच्या जांभळ्या जन्मखुणेवर बोट टेकवलं. "नदीतले मासे घाबरतील गं! सफाईचाच काढा हो. आणि नीट पुसा."

मे महिन्यात शाळा संपवणाऱ्या मुलांचा रविवार आला. चर्चच्या मागच्या दालनात सगळ्यांचे फोटो मांडले होते. त्या दिवशी पाद्रीबुवांनी प्रवचन असं काही गायलं, की बाकं डोलू लागली. "एकेक मुखडा त्याच्याच हातचा!" त्यावर सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' म्हणाली ती वर्नेटा. रोशेलचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आता तरी ममाला उमगलं.

जेवणाच्या वेळी, गेल्याच आठवड्यात गावात आलेल्या पाद्रीबाई, म्हणजे पाद्रीबुवांच्या पत्नी, रोशेलच्या फोटोपाशी थबकल्या. "अगंबाई, काय गोड पोरगी! कुणाची हो?"

"माझीच की!" वर्नेटा फुलून म्हणाली.

शेजारी रोशेल तळलेल्या कोंबडीचं ताट घेऊन उभी होती. पाद्रीबाईंची नजर तिच्या गालावर अडखळली. "आणि ही कोण?"

वर्नेटाने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.



"ही होय? ही माझ्या बहिणीची."